मामांसमोर कुजबुजू नये

माझ्या बायकोच्या मामांइतका ठार बहिरा माणूस उभ्या सुरतेत नसेल आणि त्यांच्याइतकं सगळं कळणाराही नसेल. खानदेशातून आलेल्या मामांचं आयुष्य कापड विणणाऱ्या लूमवर गेलं आणि कानही तिथेच गेले. पण त्या खडखडाटात कामगार एकमेकांचं बोलणं ओठांवरूनच ओळखतात. ती विद्या मामा घरी घेऊन आले. नव्वदच्या सुमारास आम्ही सुरतेच्या उधन्यात एकाच गल्लीत राहत होतो. ओट्यावर बसलेल्या मामांना समोर कुणी पुटपुटताना दिसलं, की ते लगेच जाहीर व्हायचं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो शेवटच्या घरापर्यंत जाई. एकदा समोरची नवी सून नवऱ्याच्या कानाशी लागली आणि मामा गरजले, "तिले सासूना हातनी भाजी आवडत नही!" तेव्हापासून गल्लीतल्या बायका तोंडावर पदर धरून बोलू लागल्या. पाहुण्यांना वाटे, काय मर्यादशील वस्ती आहे.

शेजारच्या म्हाताऱ्या काकूंची वाचा अर्धांगवायूनं गेली होती. ओठ तेवढे हलत. ते बघत बसायला कुणाला सवड नव्हती, मामांना होती. संध्याकाळी काकूंची खाट बाहेर आली, की मामा जवळ बसून ओरडत, "म्हतारी म्हनस, चहा ठंडा शे!" चहा खरोखरच थंड असे.

मामा मुलाकडेच राहत. त्याची खोली लहान, पोरं मोठी झालेली. एका संध्याकाळी मामा काकूंच्या खाटेपाशी असताना तो समोर दारात बायकोला हळूच म्हणाला, "बाले आते गावले धाडी देऊ." मी ओट्यावरच होतो. बापाला गावी धाडायची गोष्ट, आता तिचीही घोषणा होणार म्हणून मी डोळे मिटले. पण मामा गप्प. काकूंचे कान मात्र शाबूत होते. त्यांचे ओठ हलले. काय म्हणतात, असं मुलानं खुणेनं विचारलं. "पानी जोयजे," मामा म्हणाले, तेही इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं.

मुलगा पाणी घेऊन आला. काकूंनी मान फिरवली, चांगल्या हातानं मामांची बाही धरली आणि पुन्हा तेच म्हणाल्या. मुलगाही लूमवरचाच. ओठ वाचणं त्यालाही येत होतं. आजवर काकूंकडे पाहिलं नव्हतं एवढंच. पेला तसाच धरून तो मला म्हणाला, "पानी नही मांगत. 'जाऊ नका' म्हनी ऱ्हायनी." मग तो वडिलांसमोर बसला आणि आवाज न काढता काहीतरी बोलला. मामा बघत राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "पोऱ्या म्हनस, कोठेच जावानं नही!"

आता मामा आणि काकू दोघंही नाहीत. गल्लीत कुणीही काहीही कुजबुजावं, बाहेर फुटत नाही. तरी एखादी बाई बोलता बोलता सवयीनं तोंडावर पदर धरते आणि मला मामांची फार आठवण येते.