डाव्या डोळ्याचं राज्य

माझ्या ओळखीत आजवर एकच जुलमी राजा आला, आणि तो अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये राहायचा. पायात मोजे, त्यावर रबरी सपाता, अंगात मुलीच्या कॉलेजचा विटका स्वेटशर्ट आणि डाव्या डोळ्यावर कायमची उतरलेली पापणी. आम्ही त्यांना काका म्हणायचो, ते स्वतःला बालोर म्हणवून घ्यायचे. निवृत्तीनंतर लायब्ररीत आयरिश पुराणकथा चाळताना त्यांना हा बालोर सापडला होता. प्राचीन आयर्लंडातला दुष्ट राजा. त्याच्या एका डोळ्याची पापणी इतकी जड की ती उचलायला चार-चार माणसं लागत, आणि उचलली की समोरचं सैन्य नुसत्या नजरेनं आडवं होई. काकांना सख्खा भाऊ भेटल्याचा आनंद झाला. साध्या ऑपरेशननं पापणी वर येईल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आणि मग राज्य कोण सांभाळणार?"

राज्य म्हणजे आमची गल्ली. कुणाकडे काही नवं आलं की काका हात मागे बांधून पाहणीला हजर. "काका, प्लीज यार, कालच डिलिव्हरी घेतलीय, उजव्या डोळ्यानं बघा ना!" असं नवी गाडी घेतलेली मुलं कळवळून सांगायची आणि काका मोठ्या उदारपणे डावा डोळा तळव्यानं झाकायचे. मी एकदा मागच्या अंगणात टोमॅटो लावले होते. काकांनी त्यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी हरणांनी सगळी झाडं बुडखापर्यंत खाल्ली. "हरणं आपली निमित्त हो," काका विनयानं म्हणाले.

नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईचा मात्र त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. काकांनी "वहिनी, काय मऊ पोळी!" म्हटलं आणि पुढच्या सगळ्या पुरणपोळ्या फुटल्या. आईनं लगेच मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या स्वतःवरून ओवाळून तापल्या तव्यावर टाकल्या. पुढच्या मिनिटाला घरातले धुराचे सगळे अलार्म कोकलायला लागले आणि थोड्या वेळात दारात आगीचा बंब उभा राहिला. काका ड्राइव्हवेत त्या धिप्पाड जवानांना अभिमानानं सांगत होते, "माय आय! ऑल बिकॉज ऑफ माय आय!" पण जवानांसकट सगळी गल्ली खोकत होती, आणि आईच्या शास्त्रात मिरच्यांचा ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच. तिनं पदरानं डोळे पुसत निकाल दिला, "काही नाही हो तुमच्या डोळ्यात. पीठच सैल झालं होतं." काका इतके हिरमुसले की दोन दिवस फिरायला बाहेर पडले नाहीत. "मिरच्या इथल्या होत्या," असं त्यांनी नंतर मला बजावलं.

मला वाटायचं, हा सगळा त्यांचा खेळ आहे. मग जवळच हर्नडनला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला, नेहाला, बऱ्याच वर्षांच्या औषधपाण्यानंतर मुलगा झाला. ती बाळाला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा मी डिंकाचे लाडू द्यायला गेले होते. काका घरात काळा चष्मा लावून, सिंककडे तोंड करून चहाची किटली घासत होते. स्वच्छ किटली.

"बाबा, बघा ना याच्याकडे."

"आवाज खणखणीत आहे."

"बाबा! तीट लावलीय मी त्याला."

"बालोरला तीट पुरत नाही बेटा. शिवाय त्याला नातवानंच मारलं होतं. सावध राहिलेलं बरं."

नेहा हसली नाही. तिचे डोळे भरून आले. काकांनी नळ बंद केला आणि पाठमोरेच म्हणाले, "तुझ्या आईकडे मी फार बघायचो गं. ती गेली. याच्या बाबतीत मला नाही रिस्क घ्यायची."

काकूंना जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून काकूंचा उल्लेख ऐकला नव्हता. मी लाडवांचा डबा उगाचच उघडला आणि पुन्हा लावला.

"फार बघायचात?" नेहा म्हणाली. "काहीतरीच! आईची जन्मभर एकच तक्रार होती, हा माणूस पेपरातून डोकं वर काढत नाही."

"असं म्हणायची?"

"रोज. फोनवर, मला."

काकांचे हलणारे खांदे बघून मला आधी वाटलं, ते रडतायत. ते हसत होते. नेहानं बाळ माझ्या हातात दिलं, त्यांना खांद्याला धरून वळवलं, चष्मा काढला आणि अंगठ्यानं त्यांची डावी पापणी हलकेच वर धरली. चार माणसांचं काम तिनं एकटीनं केलं. आतला डोळा उजव्यासारखाच होता, तपकिरी, जरासा ओला. बाळानं जांभई दिली. काही वेळानं नेहाचा हात अवघडला असावा, तिनं तो खाली घेतला.

"सोडू नकोस," काका म्हणाले. "धर थोडा वेळ."

काका गेले त्याआधी त्यांना एक उन्हाळा आणि थोडी पानगळ मिळाली. नातवाला सांभाळायला ते रोज नेहाकडे जायचे, कधी त्याला इकडे आणायचे. गल्लीची पाहणी बंद पडली, लोकांच्या गाड्या बिनधास्त रस्त्यावर उभ्या राहू लागल्या. दुपारी ते बाबागाडी ढकलत माझ्या खिडकीसमोरून जायचे. मी हात करायचे. त्यांनी बाळावरून नजर काढून एकदाही वर पाहिलं नाही.