ट्रायलला शेजारी ती

मित्रांनो, आज आमच्या नाशिक रोडच्या गॅरेजवर माझ्या कॉलेजातली ती आली. मी सेकंड इयरला कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदाच दिसली. तिच्या जपानी गाडीच्या ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट गेला होता, वळताना पुढून कटकट आवाज यायचा.

जॉइंट मी बदलला. आमचे गॅरेजवाले उस्ताद म्हणाले, "ट्रायल मी घेतो." मी पान्हा आपटला. "काम माझं, ट्रायलपण मीच घेणार!"

आमच्याकडे ट्रायलला गिऱ्हाइकाला शेजारी बसवतात. काचा खाली करायच्या, स्टिअरिंग पूर्ण वळवून मैदानात गोल फिरायचं आणि गप्प राहून आवाज ऐकायचा.

फोन का उचलत नाहीस, एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "शू! ऐकू दे ना."

दोन चकरा झाल्या. "गेला रे आवाज!" ती खूश झाली.

गाडी थांबवली की ती जाणार. मी म्हटलं, "नाही, थोडा येतोय अजून."

"हो का? मग गाडी इथेच राहू दे. उद्या बाबांना पाठवते, त्यांनाच ऐकव."

गेली. उस्तादांनी चहाला हाक मारली, मी उठलोच नाही.

गाडी एकदम ठणठणीत आहे हो. आता उद्या तिच्या बाबांना शेजारी बसवून मी कुठला आवाज ऐकवू?