जिन्यावरची हळद

आई गेल्यावर गावाकडच्या घराला कुलूप लावलं आणि वडिलांना लातूरला माझ्याकडे आणलं. त्यांच्याबरोबर कुत्रा आला. तांबूस, गावठी, झुपकेदार शेपटीचा. त्याला नाव नव्हतं. आई "ए बाबा" म्हणायची आणि तो यायचा.

वडील दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असत. डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर पाय आखडतील. माझ्या सांगण्यावरून ते उठत नसत. कुत्रा दाराशी जाऊन उभा राहिला की मात्र उठत, काठी घेत. तेव्हा कुत्रा राहायला हवा, हे मी ठरवून टाकलं. त्याच्याबद्दल मला काही वाटत होतं असं नाही. त्या दिवसांत कशाबद्दलच काही वाटत नव्हतं. कामं होत होती.

अडचण जिन्याची होती. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं, खाली घरमालकीण. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रोज उन्हाला बसायला त्या आमच्या दारावरून गच्चीत जायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कुत्र्याचं मला काही नाही, बेटी. जिना सुका पाहिजे, बस. मी घसरले तर नवा गुडघा तू आणशील का?"

अट रास्त होती. वडिलांना सांगितली तर म्हणाले, "मंग मी अन् ह्यो गावाकडंच जातो. तिथं जिना न्हाई." तिथं कुणीच नव्हतं.

थंडी पडली आणि तिच्यातच अवकाळी पाऊस आला. आमच्या घरामागं रेणापूरच्या बाजूनं सगळं काळं रान. त्या मातीचा चिखल पायाला लागत नाही, चढतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात त्याचे गोळे बसतात आणि वाळले की खड्यासारखे टोचतात. म्हणून बेचक्यातले केस कात्रीनं बारीक केले. निघण्यापूर्वी तळव्यांना खोबरेल तेलाचं बोट, म्हणजे चिखल धरत नाही. आल्यावर खाली नळाशीच थांबायचं. कोमट पाणी, जुना दात घासायचा ब्रश, मग बोटाबोटांतून फडकं. पोट विसरायचं नाही, शिंतोडे सगळे तिथंच असतात. गोणपाटावर चार पाय टेकवायचे, मगच जिना.

अंग कोरडं राहावं म्हणून एक पांघरूण शिवलं. आतून आईच्या हातची वाकळ, वरून खताच्या गोणीचं प्लास्टिक, पोटाखाली दोन बंद. वाकळ कापताना तिच्या हिरव्या लुगड्याचा थर निघाला. कात्री चालत होती, मी कापत गेले.

पहिल्या दिवशी चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "काका, पोळा होऊन गेला की! आता झूल कशाला?"

"बैल इकले," वडील म्हणाले. "आता ह्याच्यावरच पोळा."

बऱ्याच दिवसांनी ते परक्या माणसाशी बोलले होते. मी पुढं चालत राहिले.

नेमकं ते पोळ्याचं त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. गारठ्यानं कुत्र्याचे तळवे फुटले. मी ऑफिसात असताना वडिलांनी त्याची खांदेमळणी केली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, तसं यांनी कुत्र्याच्या चारी पायांना चोळलं. बैल खांदा चाटत नाही. कुत्र्यानं दुपारभर पाय चाटले, बेचकी लालबुंद करून घेतली, आणि मग तो खाली-वर फिरला.

संध्याकाळी आले तर आपा खालच्या पायरीशी, कठडा धरून. पांढऱ्या फरशीवर खालपासून आमच्या दारापर्यंत पिवळी पावलं.

"काय गं, महालक्ष्म्या यंदा उशिरा आल्या? त्या पण चार पायांवर?"

बोलल्या आणि थांबल्या. सुतकामुळे यंदा आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या नव्हत्या, हे त्यांना माहीत होतं. महालक्ष्म्या घरात येतानाची ती हळदीकुंकवाची पावलं आई काढायची.

"पडलात का?" मी विचारलं.

"पडले नाही. तिसऱ्या पायरीवर पाय सटकला, पण हात कठड्यावर होता. पण बेटी, असं नाही चालणार."

वर वडिलांनी गाठोडं बांधून ठेवलं होतं. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. मी बादली घेतली आणि पायऱ्या घासायला बसले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे लक्षातच आलं नाही. एकेक पाऊल पिवळ्याचं कुंकवासारखं होत गेलं. वडील वरच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"काय करायलीस, माय?"

"लोणी काढतेय."

ते कठड्याला धरून तिथंच खाली बसले. बराच वेळ त्या पावलांकडे बघत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मी घासत राहिले.

आपा गेल्या नव्हत्या. खालून त्यांचा आवाज आला, "जिन्याखाली जागा आहे माझी. तिथला जुना पलंग काढते. कुत्रा तिथं राहू दे. वर येणारच नाही तर जिना कसा ओला होईल? अन् भाईसाब, त्याला फिरवायला तुम्ही खाली यायचं. रोज."

रात्री जेवायच्या आधी गाठोड्यातलं धोतर दोरीवर आलं.

आता ते सकाळी एकटे जिना उतरतात. मी तळव्यांना तेल लावून दिलेलं असतं, ते बंद बांधतात. परत आल्यावर पांघरूण वर आणून देतात. सुरुवातीला त्या वाकळीला आईच्या पेटीचा वास होता. आता ओल्या कुत्र्याचा येतो. मी ते उलटं करून दोरीवर वाळत घालते, म्हणजे सकाळपर्यंत सुकतं.