डाव्या बाकाची काठी

माझ्या धाकट्या दिरांना हॉकीच्या काठीबद्दल दुसऱ्या कुणी काही सांगितलेलं खपत नाही. सांगणारी मी असले, तर ऐकायच्या आधीच नकार तयार असतो. आम्ही एकाच घरात राहतो, ते वर आणि आम्ही खाली. गेल्या वर्षी आमच्यात जे झालं त्याला नातेवाईक 'काठीवरनं भांडण' म्हणतात आणि हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. माझ्या मुलीची निवड त्या काठीवर अडकली होती.

दीर कोल्हापुरात मैदानी हॉकी पुष्कळ वर्षं खेळले. मैदान सुटल्यावर स्वतः स्केटिंग शिकले, क्लास काढला आणि पोरांना चाकांवरची हॉकी शिकवायला लागले. माझी मुलगी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याकडे जाते. आता ती चौदाची आहे. पावसाळ्याच्या तोंडावर बातमी आली की राज्याचा मुलींचा आइस हॉकीचा संघ निवडायचा आहे. निवड पुण्यात, चाकांवरच, आणि निवडलेल्या मुलींनी थंडीत लेहला जाऊन बर्फावर खेळायचं. कोल्हापुरात बर्फ मिळतो तो मासळी बाजारात आणि सरबताच्या गाड्यावर. तरी चाकांवर तयार झालेल्या पोरींना बर्फ फार परका नसतो, असं दीर म्हणाले. ते त्यांचं खरं होतं. त्यांचं खरं असतं तेव्हा मी तसं सांगते.

तोपर्यंत क्लासमधली पोरं स्वस्तातल्या काठ्यांनी खेळायची. त्यांचं पातं सरळ असतं, त्यामुळे काठी कशीही धरली तरी चालतं. आइस हॉकीच्या खऱ्या काठीचं पातं मात्र बाकदार असतं. एका बाजूनं पोट आत गेलेलं, दुसऱ्या बाजूनं फुगलेलं. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती, आतल्या बाजूत बसली तर हुकमात राहते, फुगीर बाजूवर आली तर सटकते. म्हणून काठ्या दोन प्रकारच्या निघतात, डाव्या बाकाच्या आणि उजव्या बाकाच्या. कुणाला कुठली लागेल ते खालचा हात कुठला यावर ठरतं.

मैदानी हॉकीत हा प्रश्नच येत नाही. तिथं डावी काठी मिळत नाही, चालतही नाही. सगळ्यांचा डावा हात वर, उजवा खाली. दिरांचं उभं आयुष्य त्या पकडीत गेलेलं. त्यांनी सगळ्या पोरींसाठी एकगठ्ठा काठ्या मागवल्या, सगळ्या एका मापाच्या आणि सगळ्या उजव्या.

मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत खरेदी विभागात काम करते. माल मागवण्याआधी माप विचारणं हा माझा रोजचा धंदा आहे. म्हणून त्या रात्री जेवताना मी विचारलं, "भाऊजी, हिच्यासाठी डावी मागवलीत ना? तिचा उजवा हात वर असतो."

"ती पकड उलटी हाय तिची. मी कधीपासनं सांगतोय."

"उलटी नाही, वेगळी आहे. आइस हॉकीत बरेच जण तसेच धरतात."

"पोरगी उजव्या हातानं जेवती, उजव्या हातानं लिहिती, आणि काठी डावी? वहिनी, तुम्ही बोल्ट मोजा. हॉकी राहू द्या."

माझे मिस्टर भाकरी मोडत म्हणाले, "तुम्ही दोघं बघा काय ते." हे त्यांचं नेहमीचं मत आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला काही न सांगता अंगण झाडायला लावलं. लांब दांड्याचा खराटा हातात घेतल्याबरोबर तिचा उजवा हात वर गेला, डावा खाली. मी बाजू बदलायला सांगितली तर तिला दोन फटकारेही नीट मारता येईनात. जो हात हुशार तो वर, कारण काठी फिरवायचं काम वरच्याच हाताचं. गणित एवढं साधं आहे. दीर गच्चीवरून बघत होते. त्यांनी खाली वाकून विचारलं, "आता खराट्यावर हॉकी शिकवणार व्हय?"

"जे तुम्हाला काठीवर दिसत नाही ते खराट्यावर दिसतंय," मी म्हणाले.

निवड दोन महिन्यांवर होती. हात बदलायला दोन महिने पुरत नाहीत. नऊ वर्षं ज्या बाजूनं ती पक घेत आली, ती बाजूच काढून घ्यायची आणि वर पुण्यात पाठवायचं, म्हणजे पोरीला मुद्दाम नापास करणं. मला हे थांबवायचं होतं. म्हणून मी काठी स्वतः घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा शहरातल्या दुकानात गेले. दुकानदारानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मैदानी हॉकीची काठी पुढ्यात ठेवली.

"आइस हॉकीची पाहिजे," मी म्हणाले.

"हीच घ्या की ताई. बर्फाला काय कळतंय?"

"पातं किती लहान आहे बघा. आणि हिला बाक डावा पाहिजे."

"डावा-उजवा असलं काय नसतं. कुणी सांगितलं तुम्हाला?" असं म्हणून त्यांनी आतल्या माणसाला मोठ्यानं विचारलं, "अरे, ह्या वहिनी तुझ्या कोचच्या घरातल्याच न्हवं?" दोघंही हसले. पाणी तसंच ठेवून मी बाहेर पडले.

मग पुण्यातल्या दोन कुटुंबांशी फोनवर बोलले. त्यांच्या मुली मोठ्या झाल्या होत्या आणि काठ्या आखूड पडल्या होत्या. तीन काठ्या पारखायला मिळाल्या. चौथी दिरांच्या गठ्ठ्यातली, मुलीनं क्लासमधून आणलेली. रविवारी चारही गच्चीवर मांडल्या. मुलीला स्केट्स घालून उभं केलं, कारण अनवाणी माप घेतलं तर काठी आखूड निघते. स्केट्सवर ताठ उभं राहिल्यावर काठीचं टोक हनुवटीपाशी यायला हवं. एक लाकडी होती. पक लागली की तिचा छान ठक्क आवाज यायचा, मुलीला ती आवडली. पण जड होती आणि ओल धरून फुगलेली. एक कार्बनची डावी, चांगली, पण वीतभर जास्त लांब. कापता आली असती. पण कापली की दांडा ताठ होतो, आणि ताठपणाच तर आम्हाला नको होता.

ही गोष्ट दिरांना शेवटपर्यंत पटली नाही. या काठीचा दांडा लवावा लागतो. पक मारताना काठी जमिनीवर दाबली जाते, धनुष्यासारखी वाकते आणि सुटताना पक फेकते. किती वाकेल त्याचा आकडा दांड्यावर छापलेला असतो. आपलं वजन पौंडात काढायचं आणि निम्मं करायचं, साधारण तेवढा आकडा हवा. माझ्या मुलीला पन्नासच्या आसपासची पुरे. दिरांच्या गठ्ठ्यातल्या काठ्या पंच्याऐंशीच्या होत्या, वाढलेल्या पुरुषांच्या. मुलीनं सगळं अंग टाकून दाबली तरी ती लोखंडी पहारीसारखी ताठ.

राहिली शेवटची. डावी, पन्नासची, हनुवटीला बरोबर, वापरलेली पण पात्याला चीर नाही. मी नखानं टकटक करून सगळं पातं तपासलं, दांड्यावर अंगठा फिरवला, टोकाकडून डोळा लावून सरळ आहे का पाहिलं.

"मम्मी, काठी घेतेस का बेअरिंग?" मुलगी म्हणाली.

"गप्प बस आणि मार."

तिनं गच्चीच्या भिंतीवर पक मारली. कठड्यावरची कुंडी हलली. तेवढ्यात दीर जिना चढून आले. त्यांनी तिच्या हातातून काठी घेतली, गुडघ्याला लावून वाकवली आणि हसले.

"ही काठी हाय का मास्तरची छडी? समोरची धडकली तर तुकडं गोळा करत बसशीला."

"वाकायलाच पाहिजे ती."

"हॉकीची काठी वाकली की मोडली. एवढं मला कळतंय."

"ही तुमची हॉकी नाही भाऊजी."

हे वाक्य त्यांना लागलं. त्यांनी काठी परत दिली नाही, जमिनीवर ठेवली. मुलीकडे बघून म्हणाले, "माझ्या संघात खेळायचं तर माझ्या काठीनं. आईच्या संघात खेळायचं तर आईला विचार पुण्याला गाडी कधी सुटती."

मुलीनं त्यांचं ऐकलं. ती दोन आठवडे उजव्या काठीनं, हात बदलून खेळली. मी रोज संध्याकाळी स्केटिंग रिंकच्या कठड्याला उभी राहून पाहिलं. जी पोरगी मान वर करून खेळायची ती आता प्रत्येक वेळी पक घेण्याआधी आपल्या हातांकडे बघायची. तेवढ्यात पक दुसरीकडे गेलेली असायची. एकदा तिच्याहून दोन वर्षांनी लहान पोरीनं तिच्या पायांमधून पक काढून नेली. दीर शिट्टी फुंकून ओरडले, "हात बघ, हात." त्या रात्री ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मला जमतच नाहीये, तर काका कशाला नेतील?"

दुसऱ्या दिवशी मी डावी काठी घेऊन रिंकवर गेले. खेळ चालू असताना कठड्यावरून ती आत धरली. "घे."

दिरांनी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं. कठड्याला टेकलेले आईबाप आमच्याकडे बघायला लागले.

"वहिनी, हितं मी कोच हाय."

"असाल. मुलगी माझी आहे."

"मग घरी खेळवा. चार लोकांत माझी काठी मोडीत काढता?"

"तुमची काठी नाही, तुमचा हट्ट. नऊ वर्षं ती त्याच हातानं गोल करत होती, तेव्हा टाळ्या वाजवत होता की तुम्ही."

"तवा पातं सरळ होतं."

"हात तेच आहेत."

ते मुलीकडे वळले. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ती काठी घेतलीस तर पुण्याच्या यादीत तुझं नाव मी घालणार न्हाय. सगळ्यांदेखत सांगतोय."

मुलगी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. उजवी काठी कठड्याला टेकवून ठेवली, डावी घेतली, आणि खेळायला न जाता दारातून बाहेर आली. बाकावर बसून स्केट्सच्या नाड्या सोडल्या. एक बाई म्हणाल्या, "घरातलं भांडण घरात करावं." मी त्यांना विचारलं, "तुमच्या मुलीचा कुठला हात वर असतो, माहीत आहे का?" त्यांना माहीत नव्हतं.

त्या रात्री मिस्टर म्हणाले, "एका जिन्यानं जायचं यायचं हाय. जरा दमानं घे."

"मी दम घेतला तर निवड थांबणार आहे का?"

पुण्यात थेट नाव देता येतं हे मी आधीच फोन करून विचारून ठेवलं होतं. उरलेले दिवस मुलगी गच्चीवर आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा पहाटे कॉलनीत खेळली. वरच्या मजल्याची खिडकी लागलेली असायची. दीर आणि मी जिन्यात समोरासमोर आलो की दोघांपैकी एक जण चप्पल घालायला वाकायचा.

पुण्याच्या वाटेवर मी गाडीत मुलीला सांगून ठेवलं, कोच कोण म्हणून विचारलं तर स्वतःच सराव करते म्हण. खोटं काही नाही त्यात.

निवड करणाऱ्या बाई कडक होत्या, पण बघत नीट होत्या. बऱ्याच पोरी आमच्या दिरांच्याच घडणीच्या, मैदानी हॉकीवाल्यांनी तयार केलेल्या, त्यामुळे जवळजवळ सगळ्यांच्या काठ्या उजव्या. माझ्या मुलीनं डावीकडच्या कडेनं पक आणली आणि हात न बघता मारली. गोल झाला नाही, खांबाला लागली. बाई म्हणाल्या, "डावी? चला, एक तरी आली. डाव्या बाजूला मला कुणी मिळतच नव्हतं." मग विचारलं, "स्केटिंग चांगलं आहे. कोच कोण?"

तिनं काकांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "मी काय सांगितलं होतं?"

"मग काय सांगू? स्केटिंग तू शिकवलंस?"

निवडलेल्यांत शेवटून दुसरं नाव तिचं होतं आणि मला आनंद झाला होता. पण राग त्याच्या वर बसला होता, आणि तो काढून कुठं ठेवावा ते कळत नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दीर फाटकापाशी स्कूटर धूत होते. पाइप खाली न ठेवता त्यांनी मुलीला विचारलं, "झालं?"

"झालं."

"कुठल्या हातानं?"

"माझ्याच."

त्यांनी चाकावर पाणी मारलं. मडगार्डवर मारलं. मग म्हणाले, "मागं वळताना डावा पाय जड पडतोय तुझा. बर्फावर तसं चालत न्हाय, तोंडावर पडशील. उद्यापासनं सकाळी ये."

"काठी कुठली आणू?"

"आण ती छडी."

"छडी नाही, काठी म्हणा," मी म्हणाले.

"तुम्हाला कुणी विचारलं न्हाय वहिनी."

"मी न विचारता सांगितलं नसतं तर ती आज घरी बसली असती."

"आणि मी चाकांवर चालायला शिकवलं नसतं तर कुठं बसली असती?"

मुलगी आमच्या मधून बॅग घेऊन आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आम्ही दोघं बाहेरच उभे राहून बोलत होतो. पाइपचं पाणी रस्त्यापर्यंत गेलं तरी ते बंद करायला कुणी वाकलं नाही.