पडीत म्हणून लिहिलेलं वावर

कागद घेऊन येणाऱ्याला खरं सांगायचं नाही, असा माझ्या सासऱ्यांचा नियम होता. त्याला पाणी द्यायचं, सुपारी द्यायची, पण खरं द्यायचं नाही. गाव त्यांना नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणायची.

माझं सासर सावद्याजवळचं. घरामागे विहिरीवर केळी होती आणि नदीपलीकडे पाच एकर कोरडवाहू वावर. त्यात ज्वारी. वर्षाची भाकर त्या वावरातून यायची. केळी खाऊन घर जगत नाही.

स्वातंत्र्य येऊन तीन-चार वर्षं झाली होती, तरी धान्याची लेव्ही सुटली नव्हती. जितकी ज्वारी पेरलेली दिसेल, त्या मानाने सरकारला घालावी लागे. त्याच सुमारास जळगावहून एक पाहणीवाला यायला लागला. त्याच्या पिशवीत गावाचा नकाशा असायचा. त्याला गावातल्या जमिनींचे काही नंबर नेमून दिलेले होते आणि दर पौषात तो त्याच नंबरांवर येऊन उभा राहायचा. आमचं नदीपलीकडचं वावर त्यात होतं. गेल्या साली इथे काय होतं, यंदा काय आहे, गवताची शेती झाली का शेतावर घरं उठली, असं सगळ्या देशात मोजायचं आहे, असं तो म्हणाला.

"मोजून काय करनार?" नानांनी विचारलं.

"काही नाही. नोंद राहील."

तो गेल्यावर नाना म्हणाले, "काही नाही करायचं, त्याच्यासाठी मानूस जयगावाहून सायकल हानत येतो?"

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. आजही पटतं. फक्त पुढे त्यांनी केलं ते चुकलं.

ज्वारी कापली की वीतभर धसकटं जमिनीत उभी राहतात. ती कोणी उपटत नाही, उन्हाळ्यात नांगराखाली जातात. पाहणीवाला येणार असं कळलं की नाना आम्हा तिघींना, म्हणजे सासूला, जावेला आणि मला, वावरात नेऊन बसवायचे. एकेक धसकट उपटायचं. ओली जमीन असती तर ठीक, पौषात ती विटेसारखी होते. बारा दिवस लागायचे. मग बांधावरचं वाळलं गवत कापून वर पसरायचं आणि ढोरं सोडायची.

सासू एकदा म्हणाली, "लोक चोरी लपवतात. आपन भाकर लपवून रायलो."

पाहणीवाला आला की नाना बांधावर उभे राहून सांगायचे, "पडीत हाय. दोन बैल कुठं कुठं पुरतील?" तो पायाने गवत सारून बघायचा, नानांच्या तोंडाकडे बघायचा आणि लिहायचा. तलाठीही चावडीत बसल्या बसल्या तेच लिहायचा. असं लागोपाठ दोन वर्षं चाललं.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात कागद आला. नानांना वाचता येत नव्हतं आणि तलाठ्याला ते दाखवणार नव्हते. "तो त्याले पायजे ते वाचीन," म्हणाले. मी माहेरी, मेहरूणला, चौथीपर्यंत शिकले होते. कागद माझ्याकडे आला. जमीन सतत दोन वर्षं पडीत ठेवलेली दिसते, तरी ती सरकारच्या व्यवस्थेखाली का घेऊ नये, असं त्यात विचारलं होतं. खात्री करायला पाहणीवाला परत येणार होता.

"बराबर वाचलं का?"

मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळा वावर जातच होतं.

नानांनी आधी शेजाऱ्यावर चुगलीचा संशय घेतला, मग चुलत भावावर, मग माझ्या माहेरावर, कारण जळगाव तिथून जवळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल जुंपले आणि नांगर नदीपलीकडे नेला. नांगरलेलं दिसलं म्हणजे कसतो असं दिसेल, असा त्यांचा हिशोब. मी मागोमाग गेले.

"नाना, नांगर घालू नका. उपटताना निम्मी धसकटं तुटली. मुळ्या खालीच आहेत. नांगरलं तर पुढच्या सालची तयारी दिसेल, यंदाचं पीक नाही दिसायचं."

"तुले हे कोनं शिकवलं?"

"बारा दिवस उपटत होते. शिकवायला कोण पाहिजे?"

त्यांचा विश्वास बसला नाही. सासू येऊन नांगरापुढे जमिनीवर बसली, म्हणून बैल सुटले.

पाहणीवाला आला तेव्हा नाना म्हणाले, "ज्वारी पेरली व्हती."

"मला पडीत सांगितलंत. दोन्ही वेळा."

"तवा खोटं बोललो."

"मग आत्ता खरं बोलताय कशावरून?"

सासऱ्यासमोर परक्या माणसाशी बोलायची रीत नव्हती. मी पदर ओढला, खुरपं घेतलं, खाली बसले आणि उकरलं. मुळीचा गड्डा निघाला. पुढे तसाच दुसरा, मग तिसरा.

"तिफणीने पेरलंय, साहेब. सरळ ओळ आहे. गवत ओळीत उगवत नाही."

तो म्हणाला, "बाई, या तुम्ही कालच पुरल्या नसतील कशावरून?"

मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी खुरपं त्याच्या हातात दिलं. "तुम्हाला वाटेल तिथे उकरा."

तो वावराच्या मधोमध गेला आणि गुडघे टेकून उकरायला लागला. तिथेही मुळ्या निघाल्या. दोन ओळींमधलं अंतर त्याने टेपने मोजलं, चार ठिकाणी मोजलं. मग म्हणाला, "या सालची ज्वारी मान्य. त्याच्या आदल्या सालच्या मुळ्या दाखवा."

त्या केव्हाच नांगराखाली जाऊन कुजल्या होत्या.

"मग ते साल पडीतच राहील. पण लागोपाठ दोन वर्षं होत नाहीत. वावर तुमच्याकडे राहील."

मी वही मागितली. त्याने जरा थांबून माझ्यापुढे धरली. आदल्या सालापुढे पडीत तसंच होतं. या सालापुढे पडीत खोडून ज्वारी लिहिलं होतं.

"म्हणजे तुमच्या वहीत आमच्या गावाची शेती पाच एकरांनी वाढली," मी म्हटलं.

"हो."

"वाढलेली नाही."

"माहीत आहे, बाई. पण मला दाखवता येतं तेवढंच मी लिहितो."

देशाच्या आकड्यांबद्दल मी तेव्हापासून काही बोलत नाही. आमचे पाच एकर त्यात आहेत आणि ते कसे आले ते मला माहीत आहे.

ज्वारी मान्य झाली म्हणजे तिची लेव्हीही मान्य झाली. ती न्यायला माणसं वेळेवर आली. तो पावसाळा आम्ही भाकरीत भोपळा कालवून काढला. सासू तेवढी बोलली नाही, बाकी सगळे मला बोलले.

पुढच्या पौषात धसकटं उभीच ठेवली. नानांनी पाहणीवाल्याला स्वतः वावरात नेलं, ज्वारी म्हणून सांगितलं आणि त्याने लिहून होईपर्यंत वहीवर नजर ठेवली. मग मला हाक मारली.

"वाच. काय लिवलं?"

"ज्वारी."

त्यांनी वहीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुमी दोघं मियून तं नाही ना सांगत?"

पाहणीवाल्याला सायकलवर बसू न देता त्यांनी गावातून शाळेच्या मास्तरांना बोलावणं धाडलं.