पहिल्या अल्बममधला खोकला

लालबागच्या मसाला गल्लीत मिरची भाजल्याचा वास आला की मला बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते.

गल्लीवरच्या चाळीतल्या खोलीत वैदेही तिच्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं रेकॉर्ड करत होती. मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. गाताना ती गुडघ्यांवर बसायची, कुजबुजायची, मधेच किंचाळायची. घसा बसला होता, डॉक्टरांनी गाणं बंद ठेवायला सांगितलं होतं. खाली मिरची कुटली जात होती.

“गे बाय, आज नको. घसो गेलो तर उद्या काय गावशीत?” तिची मावशी म्हणाली.

“उद्याचं उद्या, मावशी. तू फक्त खिडकी लाव.”

शेवटच्या ओळीवर तिला खोकला आला आणि थांबेना. ती भिंतीला धरून खाली बसली. तो खोकला तिच्या अभिनयाचाच भाग वाटून मी आणि रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. अल्बममध्ये तो तसाच ठेवला गेला. बातमीत मी त्याचं कौतुक केलं.

तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. दुसरा अल्बम आलाच नाही.

परवा ते गाणं हेडफोन लावून ऐकलं. खोकल्यावर आमच्या टाळ्या आहेत. टाळ्यांखाली, अगदी पुसट, मावशीचा आवाज आहे: “अरे, पाणी द्या रे तिका.”