आण्णांच्या दहाव्याचं भाषण

आमच्या तालुक्यात माणूस गेला की दहाव्याला घाटावर माइक लागतो. इकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत घरचे उन्हात उभे, आणि तिकडे सभापती, चेअरमन, आजी-माजी आमदार एकामागून एक श्रद्धांजली वाहतायत. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हसू येईल. येऊ दे. पण ज्याच्या दहाव्याला साहेब बोलले नाहीत, त्याच्या घरचे वर्षभर फुगून बसतात आणि पुढच्या निवडणुकीत काय ते दाखवतात. माझे वडील, आमचे आण्णा, दोन वेळा आमदार होते. जवळजवळ वीस वर्षं त्यांची ही दहाव्याची भाषणं मी लिहिली. त्यातली शेवटची अकरा वर्षं सिंगापुरातून, हौगांगच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून.

आण्णांनी मला मुद्दाम शिकवलं. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा नाद त्यांनी लवकरच सोडला. तो शाळेला दांडी मारून दूध संघाच्या जीपमधून हिंडायचा. मला मात्र विधानसभेतल्या चर्चांची जाडजूड छापील पुस्तकं वाचायला लावायचे. रविवारी ओसरीवर समोर उभं करायचे आणि म्हणायचे, पाटपाण्यावर बोल. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. राज्यशास्त्रात एम.ए. झाले तेव्हा गावोगावची माणसं घरी येऊन म्हणायची, साहेब, पोरगी तुमच्यावर गेलीय, हीच तुमची गादी चालवणार. आण्णा नुसते हसायचे. त्या हसण्याला मी होकार समजले. कपाळ माझं!

मी सव्वीस वर्षांची होते तेव्हा आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला. मी दोन नव्या सुती साड्याही आणून ठेवल्या होत्या, हे आज सांगायला लाज वाटते. तिकीट मिळालं भावाच्या बायकोला. तिला लग्न होऊन घरात येऊन सात महिने झाले होते. बिचारी चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायची. मी आण्णांना विचारायला गेले. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "सुनेला दिलेली मतं घरात राहतात, बाळ. तू उद्या जाणार."

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. हिशेबी माणूस पाऊसपाण्याबद्दल बोलतो तसं म्हटलं होतं. मी त्याच संध्याकाळी भावजयीचं अर्ज भरायच्या दिवशीचं भाषण लिहून दिलं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

नवरा मरीन इंजिनियर, चार महिने बोटीवर आणि दोन महिने घरी. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात काढली, मग इथे आलो. इथे मला कुणी साहेबांची मुलगी म्हणत नाही. इथे राहायचा जो परवाना मिळतो, त्या माझ्या पासवर डिपेंडंट असं लिहिलंय. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते. नंतर वाटलं, आण्णांच्या घरी तरी मी दुसरं काय होते?

पण फोन यायचा. इथे सकाळचे अकरा वाजले की समजायचं, आण्णा गाडीत बसले. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. अमुक गावचा अमुक गेला, पैलवान होता, देवळाला जागा दिली होती, लिही. मी गॅस बंद करायची आणि तासाभरात व्हॉट्सॲपवर पाठवायची. मग दुसऱ्या दिवशी दोन शब्दांचा निरोप: "चांगलं झालं." आम्हा बापलेकीचं सगळं बोलणं मेलेल्या माणसांविषयी. पण बोलणं होतं, आणि त्या दोन शब्दांवर माझा आठवडा जायचा, हे कुणाला सांगू?

या ऑगस्टमध्ये आण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळीच अंत्यविधी झाला, कारण मंत्र्यांची वेळ तीच होती. नवरा बोटीवर. मुलीची सहावीची ती पीएसएलई नावाची परीक्षा, तिची तोंडी नेमकी त्याच दहा दिवसांत. बारा वर्षांच्या पोरीला कुणाच्या गळ्यात बांधून जाऊ? दहाव्यालाही जाता येईना.

म्हणून मी भावाला फोन केला. म्हटलं, मला दोन मिनिटं दे. फोन माइकला लाव, मी इथून बोलते. आयुष्यभर त्यांच्यासाठी लिहिलं, एकदा त्यांच्याविषयी माझ्या तोंडाने बोलू दे. मला दुसरं काही नको होतं. शेत नको, घर नको, तिकीट तर नकोच नको.

 तो म्हणाला, ताई, घाटावर रेंजचा भरवसा नाही, मोठमोठे लोक येणार, मध्येच खरखर झाली तर हसं होईल. आणि पुढची निवडणूक तोंडावर आहे, लोक माझ्याकडे बघणार. तू लिही, मी वाचतो, तेच तर आहे. माझ्या डोक्यात सणक गेली होती. पण कावळा शिवायच्या आधी भावंडांत भांडण नको, म्हणून हो म्हटलं.

ते भाषण मी दोन दिवस लिहिलं. खाली कोपीटियममध्ये, म्हणजे इथल्या साध्या कॉफीच्या हॉटेलात, कॉफी पुढ्यात निवत ठेवून लिहिलं. शेजारच्या टेबलावरची चिनी आज्जी टिश्यू पुढे सरकवून गेली, म्हणजे रडतही असणार. त्यात त्यांचं पायी हिंडणं घातलं, बंधाऱ्यासाठीचं उपोषण घातलं, भाकरीबरोबर ठेचा खाऊन डोळे पुसत सभेला निघणं घातलं. इतकं चांगलं मी कुणाच्याच दहाव्याला लिहिलं नव्हतं.

दहावा शनिवारी होता. एक स्थानिक पत्रकार घाटावरून लाईव्ह दाखवत होता. मी आणि माझी लेक सोफ्यावर फोन टेकवून बसलो. भाऊ बोलायला उभा राहिला. चांगलं वाचलं हो त्याने, खोटं कशाला बोलू? ठेच्याच्या वाक्याला म्हातारी माणसं डोळ्याला पदर-टोपी लावताना दिसली. मग शेवटचा भाग आला: त्यांच्या मागे आई आहे, मी आहे, माझी पत्नी, त्यांचे दोन नातू, आणि हा सगळा तालुका हाच त्यांचा परिवार.

लेकीला मराठी अर्धंमुर्धं कळतं. तिने फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ममा, आपण कुठे? वी नॉट इन्साइड, आह?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग मी वही उघडली. खरंच नव्हतो. मी भावाच्या जागी बसून घर मोजलं होतं, आणि त्या घरात मुलगी आणि नात मोजायची मला आठवणच झाली नव्हती. दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं लिहिता लिहिता मी इतकी तरबेज झाले होते.

संध्याकाळी भावाचा फोन आला. भाषण गाजलं, मंत्र्यांनी पाठ थोपटली. मी म्हटलं, माझं नाव आलं नाही रे. वाचताना तुला तरी खटकायचं होतं.

"तू लिहिलंस तेच वाचलं, ताई. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही."

खरं होतं ते. भांडायला कुणी उरलंच नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा अकरा वाजता फोन वाजला. भाऊच होता. कुणी माजी सरपंच गेले होते, विहिरी खोदण्यात हुशार, तीन मुलगे, लिही. मी विचारलं, मुली किती? तो म्हणाला, असतील, विचारलं नाही, त्याने काय फरक पडतो? मी म्हटलं, विचारून सांग, मग लिहिते.

त्याने विचारून सांगितलं नाही. आईकडून कळलं की आता कॉलेजचे एक सर भाषणं लिहून देतात, बरी लिहितात म्हणे. त्या तालुक्यात माझं तेवढं एकच काम उरलं होतं, तेही मी माझ्या हट्टाने घालवलं. पस्तावा होतो का? होतो. रोज अकरा वाजता होतो. तरी पुन्हा फोन आला, तर मी तेच विचारीन.